ब्रीडाचा लेप आणि माझी भाजी

आयर्लंडहून परत येऊन तीन आठवडे झाले. भेटेल तो विचारतो, "काय काय पाहिलंत?" मी तोंड उघडायच्या आत आमची अलका सांगून मोकळी होते, "यांनी तिथलं इस्पितळ आतून पाहिलं." ऐकणारा साहजिकच घाबरतो, मग ती हसते, आणि पुढची हकीकत मला अर्धवट आणि माझ्या बाजूने सांगावी लागते. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतो आहे. यात माझी बाजू फारशी नाही, हे आधीच कबूल करतो.

मी टेलिफोन खात्यात लाइन इन्स्पेक्टर होतो. पेठ आणि हरसूलच्या रानांतून खांब आणि तारा तपासत चौतीस वर्षं पायी हिंडलो. बरोबरचे मजूर त्याच रानातले. दुपारी भाकरी सोडली की त्यांच्याकडून पाला ओळखायला शिकायचो. निवृत्तीनंतर नाशिकच्या आमच्या सोसायटीत त्या शिकण्याला बहर आला. पाय मुरगळला की निर्गुडी, गुडघा धरला की एरंडाचं पान, खोकल्याला अडुळसा. लोक येतात, विचारतात, घेऊन जातात. माझं औषध न घेणारं माणूस एकच, ते म्हणजे अलका. अडतीस वर्षांच्या संसारात तिने माझ्या हातचा एक घोट काढा घेतलेला नाही. "तुमचं ज्ञान असेल मोठं," ती म्हणते, "पण काळी पातेली मला घासावी लागतात."

आमची मुलगी मुग्धा आणि जावई अनिकेत डब्लिनच्या वरच्या अंगाला, नावन नावाच्या गावात राहतात. निघायच्या आदल्या दिवशी मुग्धाने व्हिडिओवर माझी बॅग उघडायला लावली.

"बाबा, पाला, मुळ्या, बिया, पावडरी, काहीही आणायचं नाही. तिकडे थांबवलं तर मी ओळख दाखवणार नाही."

बॅगेतून सतरा पुड्या निघाल्या. अलकाने त्या मोजल्या आणि एकेक करून मोठ्याने फोनला दाखवल्या. अशा रीतीने मी आयुष्यात पहिल्यांदा परदेशी निघालो, तो निःशस्त्र.

नावन

मुग्धाचं घर एका नव्या वसाहतीत आहे. सगळी घरं इतकी सारखी, की पहिल्याच संध्याकाळी मी शेजारच्यांच्या दाराला किल्ली लावत होतो. आतून एक बाई आल्या, त्यांनी मला नीट बघितलं आणि "यू आर ग्रँड" म्हणाल्या. मला वाटलं माझ्या जाकिटाचं कौतुक झालं. नंतर कळलं, तिकडे चूक केली तरी ग्रँड, पाऊस आला तरी ग्रँड, चहा नको असला तरी ग्रँड. भाषेची आणखी एक गंमत कपाटाची. मुग्धाच म्हणाली, "आई, साखर प्रेसमध्ये आहे." अलका इस्त्रीच्या आजूबाजूला साखर शोधत राहिली. कपाटाला तिकडे प्रेस म्हणतात, आणि सहा वर्षांत आमची मुलगीही तेच म्हणायला लागली आहे.

मुग्धाने आम्हाला रीतभात शिकवायला घेतली. रस्ता देणाऱ्याला थँक यू, दार धरणाऱ्याला थँक यू, बसमधून उतरताना ड्रायव्हरलाही थँक यू. आपल्या एसटीतून उतरताना असं म्हटलं तर ड्रायव्हर मागे वळून बघेल, काय राहिलं म्हणून. पण आठ दिवसांत मी इतका तयार झालो, की आपोआप उघडणाऱ्या दारालाही एकदा थँक यू म्हणालो.

वसाहत संपते तिथे शेतं सुरू होतात. मे महिना होता. कुंपणाच्या काटेरी झाडांवर पांढऱ्या फुलांचे थरच्या थर, मध्ये गवत, गवतात तृप्त गाई. इतकं हिरवं, आणि त्यातलं मला एकही पान ओळखू येईना. चौतीस वर्षांची विद्या घेऊन मी त्या कुंपणाशी निरक्षरासारखा उभा होतो. तेवढ्यात एक झुडूप ओळखीचं वाटलं. कातरलेल्या कडेची, टोकदार पानं, बारीक तुरे.

"ही यांची रानतुळस," मी अलकाला म्हणालो. एक पान तोडलं, तळहातावर चोळलं आणि नाकाशी नेऊन चांगला दीर्घ वास घेतला.

पुढचं मिनिटभर काय झालं ते मला सांगता येणार नाही, कारण डोळ्यांतून पाणी येत होतं. आपल्याकडची खाजकुयली परवडली. हातात हजार सुया, त्यातल्या निम्म्या नाकात. अलका "अहो, झालं तरी काय" म्हणत माझ्याभोवती फिरत होती.

फाटकापलीकडून एक म्हातारी हे सगळं बघत होती. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, अंगात पुरुषी कोट, पांढरे केस वाऱ्यावर. ती शांतपणे फाटक उघडून आली, खाली वाकून एक रुंद, लांबट पान तोडलं, चुरगळून माझ्या नाकावर दाबलं आणि माझाच हात वर नेऊन ते धरायला लावलं. मग अलकाकडे वळून काहीतरी म्हणाली. तिचं इंग्रजी तेव्हा मला निम्मंच कळलं; इथे तिचं बोलणं मी मराठीतच देतो.

"तुझा माणूस नेटलचा वास घेत होता," ती म्हणाली. "अठ्ठ्याहत्तर वर्षांत मी असं कुणाला करताना पाहिलं नाही."

ही ब्रीडा. ते शेत तिचं. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, मुलगा ऑस्ट्रेलियात, गाई आता भाड्याने चरायला येणाऱ्या. माझ्या नाकावरचं पान डॉक नावाच्या झुडपाचं होतं. नेटल उगवतं तिथेच डॉक उगवतं, ती म्हणाली, लावणारा शहाणा होता. दहा मिनिटांत आग खरोखरच उतरली. मी जिज्ञासेने चार प्रश्न विचारले आणि तिने मला आत चहाला बोलावलं. चहा इतका कडक होता, की दूध घालूनही रंग बदलेना. त्याबरोबर काळपट पाव आणि त्यावर बोटभर जाडीचं लोणी. हेच नेटल मे महिन्यात कोवळं असताना तीनदा सूप करून प्यायचं, म्हणजे वर्षभर रक्त चांगलं राहतं, असं तिची आई सांगायची.

बोलता बोलता ब्रीडा पोस्टमनबद्दल "युअर मॅन", म्हणजे "तुझा माणूस", म्हणाली, मग पशुवैद्याबद्दल, मग टीव्हीवरच्या कुणा मंत्र्याबद्दल. परतताना अलका गंभीरपणे म्हणाली, "अहो, त्या बाईंच्या हिशेबाने माझे चार नवरे झाले."

टाराची टेकडी

दुसऱ्या रविवारी अनिकेत आम्हाला टाराच्या टेकडीवर घेऊन गेला. जुन्या काळी तिथे राजे होत म्हणे. आता गवताचे उंचवटे आहेत, मेंढ्या आहेत आणि वारा आहे. आपल्याकडे अशा जागी आतापर्यंत देऊळ, नारळाची दुकानं आणि चपलांचे ढीग झाले असते. इथे नुसतं गवत, आणि माणसं गप्प उभी. मला ते फार आवडलं. अलकालाही आवडलं असतं, पण उतारावरच्या ओल्या गवतात तिचा पाय घसरला आणि घोटा वळला.

क्ष-किरण काढले, हाड शाबूत होतं. डॉक्टर म्हणाले विश्रांती घ्या, पाय वर ठेवा आणि बर्फ लावा.

"बर्फ?" मी घरी आल्यावर विचारलं. "मुरगळ्याला शेक देतात. बर्फ सरबतात टाकतात."

"बाबा, प्लीज," मुग्धा म्हणाली आणि फ्रीझरमधून गोठलेल्या मटारांची पिशवी काढून आईच्या घोट्यावर ठेवली. तिकडे सर्रास तसंच करतात. पायावरून उतरलेल्या त्या मटारांची उसळ करायची नाही, असं अलकाने बजावलं होतं. अनिकेतने केली. तोच एकटा जेवला.

काळजीची गोष्ट वेगळीच होती. पंधरा दिवसांनी आम्ही चौघं पश्चिम किनाऱ्यावर जाणार होतो. समुद्राचे कडे बघायचे, ही अलकाची या सबंध प्रवासातली एकमेव मागणी. मुग्धाने त्यासाठी सुट्टी काढली होती. अलका सुजलेल्या पायाकडे बघून म्हणाली, "तुम्ही तिघं जाऊन या, मी फोटो बघेन." ती असं सहज म्हणते तेव्हा तिला वाईट वाटलेलं असतं.

निर्गुडीची चार पानं असती तर मी तिला उभं केलं असतं. निदान मला तसं वाटत होतं. मी बागेत फेऱ्या मारत होतो तेव्हा ब्रीडा कुंपणावरून म्हणाली, "बाई दिसली नाही दोन दिवस."

मी सांगितलं. ती गेली आणि तासाभराने एक चिखलाने भरलेलं मूळ, चार खरबरीत पानं आणि जुन्या चादरीच्या पट्ट्या घेऊन आमच्या दारात हजर झाली. कॉम्फ्री, ती म्हणाली. हाड मोडो की शीर आखडो, तिच्या आईच्या काळापासून हेच. मुग्धा वर ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती, त्यामुळे विरोधी पक्ष गैरहजर होता. ब्रीडाने आमच्या किसणीवर मूळ किसलं. त्याचा चिकट, बुळबुळीत गर झाला, थेट कोरफडीसारखा. तो घोट्यावर थापला, वर पानं, वर पट्टी.

आणि अलकाने पाय दिला. हे मला लिहिताना अजून जड जातं. अडतीस वर्षं जिने माझ्या लेपांना पाय लावू दिला नाही, म्हणजे पायाला लेप लावू दिला नाही, ती सोफ्यावर डोळे मिटून पडली होती. "हात हलका आहे हो यांचा," ती म्हणाली.

पट्टीची गाठ मारून ब्रीडा उठली. मी मुग्धाची शिकवण आठवून पुढे झालो आणि मनापासून म्हणालो, "थँक यू व्हेरी मच."

ब्रीडा थांबली. तिने खुर्ची ओढली, बसली आणि दीर्घ श्वास सोडला.

"औषधाला थँक यू म्हणत नाहीत," ती म्हणाली. "म्हटलं की गुण उतरतो त्याचा."

मग तिने पट्टी सोडली, पानं काढली, गर पुसला, आणि उरलेलं मूळ किसून सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. मी ओठ घट्ट मिटून कोपऱ्यात उभा होतो. जाताना तिच्यासाठी दार उघडून धरलं तर तीच मला थँक यू म्हणाली.

नदीकाठ

त्यानंतर ब्रीडा दर दिवसाआड यायची. ती इंग्रजीत बोलायची, अलका मराठीत. एक सुनेबद्दल सांगायची, दुसरी सोसायटीच्या सेक्रेटरीबद्दल, आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळायचं. मला दोन्ही भाषा येत असून माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. सूज उतरत होती. अनिकेत म्हणायचा बर्फाने, मुग्धा म्हणायची विश्रांतीने, अलका म्हणायची ब्रीडाच्या हाताने. माझं नाव कुणाच्याच यादीत नव्हतं.

मला मत्सर वाटला. सरळच सांगतो. अडुसष्टाव्या वर्षी, एका परक्या देशात, एका म्हाताऱ्या शेतकरणीचा.

गुरुवारी सकाळी मी एकटा बॉइन नदीच्या काठाने फिरायला निघालो. नदी संथ, कडेला उंच झाडं, हवेत ओल्या मातीचा वास. एका चढावर, झाडाखाली, जमिनीलगत पसरलेला पानांचा गुच्छ दिसला. मोठी, लांबट, जाळीदार शिरांची, लव असलेली पानं. कॉम्फ्री. मी बोट फिरवून पाहिलं. ब्रीडाच्या पानांपेक्षा लव मऊ लागली, मखमलीसारखी. माझ्या मनाने याचा अर्थ लावला, की ही कोवळी आहेत आणि म्हणून जास्त गुणकारी. मी पिशवीभर पानं तोडली.

घरी येताना विचार वाढत गेला. बाहेरून लेप ब्रीडाचा आहेच. आतून कुणी काही देत नाही. नेटलचं सूप पितात, असं ती म्हणाली होती, मग कॉम्फ्रीची भाजी का नसावी? घोट्याला बाहेरून ती, आतून मी.

लसूण ठेचली, फोडणी केली, मूगडाळ भिजवलेली होती ती टाकली, पाला चिरून टाकला. वास चांगला येत होता. मीठ बघायला चमच्याच्या टोकावर थोडं घेऊन जिभेला लावलं आणि माझं तोंड वाकडं झालं. कडू. कारल्याने लाजावं असं कडू. पण कडू म्हणजे औषध, हे तर आपण लहानपणापासून ऐकत आलो. मी गुळाचा खडा टाकला.

वाटी घेऊन मी अलकासमोर गेलो.

"हे काय?"

"भाजी. तुझ्या पायासाठी. मी केली आहे."

तिने वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नेहमीसारखा वादाच्या तयारीत होतो. पण ती म्हणाली, "आणा इकडे."

"खाणार आहेस?"

"आठ दिवस तोंड पाडून हिंडताय. एक वाटी भाजी खाल्ली तर मरत नाही मी."

तिने चमचा भरला. तेवढ्यात मागचं दार वाजलं आणि ब्रीडा पट्टी बदलायला आत आली. ओट्यावर उरलेली तीन-चार पानं पडली होती. तिने एक उचललं, कडेवरून अंगठा फिरवला, आणि माझ्या अंदाजाने अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला शक्य नाही इतक्या वेगाने सोफ्यापाशी पोचली. तिने अलकाच्या हातातला चमचा काढून घेतला. मग वाटी. मग गॅसवरचं भांडं उचललं आणि सगळं कचऱ्याच्या डब्यात ओतलं.

"कुणी खाल्लं हे?" ती म्हणाली. आवाज अगदी हळू होता.

"मी. जरासं. मीठ बघायला."

"आणि तिने?"

"नाही."

ब्रीडा खुर्चीवर बसली. "ही कॉम्फ्री नाही," ती म्हणाली. "हा फॉक्सग्लव्ह आहे. याने काळीज बंद पडतं."

फोडणीचा वास अजून येत होता. मी अलकाच्या हाताकडे बघत होतो. चमचा तिच्या ओठांपासून वीतभर होता, आणि तो तिने औषध म्हणून उचललाच नव्हता. माझं तोंड पडलं होतं म्हणून उचलला होता.

इस्पितळ

मुग्धाने मीटिंग अर्ध्यावर सोडली, विषबाधेच्या मदतवाहिनीला फोन केला आणि अर्ध्या तासात मी इस्पितळात होतो. छातीला तारा लावल्या. जन्मभर मी तारा तपासल्या. आता तारा मला तपासत होत्या. ब्रीडाने एक पान सँडविचच्या पिशवीत घालून, वर नाव लिहून बरोबर दिलं होतं. तरुण डॉक्टरबाईंनी ते दिव्याकडे धरून पाहिलं.

"तुम्ही हे किती खाल्लं?"

"चमच्याच्या टोकावर मावेल एवढं."

"का खाल्लं?"

"पत्नीच्या घोट्यासाठी."

त्यांनी लिहिणं थांबवलं. "पत्नीच्या घोट्यासाठी तुम्ही खाल्लं."

"मीठ बघायला."

त्यांनी यानंतर बराच वेळ काहीतरी लिहिलं. पडद्यावर माझं काळीज नीट चाललेलं दिसत होतं, तरी काही तास नजरेखाली ठेवायचं ठरलं. जाता जाता त्या म्हणाल्या, की याच झाडापासून हृदयाचं एक औषधही निघतं, फार मोजून देतात. मी उशीवरून मान उचलली. "म्हणजे झाड औषधीच आहे," मी अलकाला म्हणालो.

अलका अनिकेतच्या खांद्याला धरून, लंगडत मला बघायला आली होती. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी मान परत उशीवर ठेवली.

मुग्धा आणि अनिकेत कॉफी आणायला गेले तेव्हा मी म्हणालो, "अलका, तू खाल्लं असतंस."

"हो."

"मी दिलं म्हणून."

"हो."

"मग आता काय?"

"आता काही नाही," ती म्हणाली आणि तारांमधून वाट काढत तिने माझा हात धरला. "झोपा थोडं. हललात की ते यंत्र ओरडतं."

बाहेर लख्ख ऊन असताना, संध्याकाळी सात वाजता, त्यांनी मला सोडलं. घरी मुग्धाने नुसता ओट्याजवळचा गॅस लायटर उचलला आणि आपल्या खोलीत घेऊन गेली. चार दिवस चहासुद्धा मला मागून घ्यावा लागला.

दुसऱ्या सकाळी ब्रीडा फाटकाशी वाट बघत होती. मला वाटलं आता ऐकावं लागणार. तिने मला काठीने खूण करून शेताच्या दगडी बांधाकडे नेलं. तिथे दोन्ही झाडं होती, एकमेकांपासून चार हातांवर.

"हात लाव," ती म्हणाली.

कॉम्फ्रीचं पान दाढीच्या खुंटासारखं खरबरीत, कड साधी. फॉक्सग्लव्हचं मऊ, आणि कडेला बारीक दाते. तिने मला डोळे मिटायला लावले आणि पानं आलटून पालटून हातात दिली. मी वीस वेळा बरोबर सांगितल्यावर ती थांबली.

"तरीसुद्धा तोडू नकोस," ती म्हणाली. "आणि कॉम्फ्रीसुद्धा पोटात घ्यायची नसते. ती फक्त वरून."

"तुम्हाला लगेच कसं कळलं?"

ब्रीडाने काठी बांधाला टेकवली. "लग्नाला वर्ष झालं होतं. आजारी वासराला म्हणून पाला आणला. सासू म्हणाली नक्की ना? मी म्हटलं नक्की." ती गाईंकडे वळली. "चांगलं वासरू होतं. नवऱ्याने मला कधी विचारलं नाही त्याबद्दल. मीच सांगायची दर वर्षी, ख्रिसमसला."

मग तिने मला चहाला नेलं.

पश्चिमेला आणि परत

आम्ही पश्चिमेला गेलो. अलका गाडीपासून कड्यापर्यंत माझ्या दंडाला धरून चालत गेली, थोडी लंगडत, पण स्वतःच्या पायांनी. खाली समुद्र आदळत होता आणि कड्याच्या कपारींत हजारो पक्षी भांडत होते. पाऊस आडवा येत होता. छत्री उघडली ती लगेच उलटी झाली. अलका अर्धा तास एका जागी उभी होती. मी विचारलं, "कसं वाटतंय?" ती म्हणाली, "थंड." आणि आणखी अर्धा तास उभी राहिली. संध्याकाळी एका खाणावळीत माशांचं सूप मिळालं. त्यावर हिरवा पाला भुरभुरलेला होता. आमच्या टेबलावरच्या चौघांनीही तो काय आहे हे आधी वाढणाऱ्या मुलीला विचारलं. कोथिंबिरीची चुलत बहीण होती.

आता निघायला पाच दिवस उरले होते. नावनला परतल्यावर मी ब्रीडाकडे गेलो तर ती चहा डाव्या हाताने ओतत होती. उजवा खांदा हिवाळ्यापासून आखडला आहे, ती म्हणाली. डॉक्टर झाले, व्यायाम झाले, कॉम्फ्री झाली. हात खांद्याच्या वर जात नाही.

"तुमच्याकडे काय करतात याला?" तिने विचारलं.

एक महिन्यापूर्वी मी सात उपाय सांगितले असते. डोळ्यांपुढे निर्गुडी आली, एरंड आला, रुई आली. आणि मग चमचा आला.

"पाला काही नको," मी म्हणालो. "जाड मीठ आहे का?"

मीठ तिच्याकडे होतं. ओवा मुग्धाकडून आणला, त्याबरोबर अलकाही आली. तव्यावर दोन्ही गरम करून जुन्या रुमालात पुरचुंडी बांधली. आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून पाहिली, मग ब्रीडाला तिच्या मनगटावर टेकवून बघायला दिली, आणि ती "हो" म्हणाल्यावरच खांद्यावर धरली. अलका समोर बसून हे बघत होती. ब्रीडाने ओव्याचा वास घेतला आणि म्हणाली, स्वयंपाकघराला असा वास आला तर शेजारी जेवायला येतील. दहा मिनिटांनी तिचं डोकं कलंडलं आणि ती घोरायला लागली. पुरचुंडी गार झाली की मी हळूच उठून परत गरम करून आणायचो.

असं चार दिवस केलं. पाचव्या दिवशी आम्ही दोघं निरोप घ्यायला गेलो. ब्रीडाने किटली ठेवली, चहाचे कप मांडले आणि प्रेसचं दार उघडलं. सगळ्यात वरच्या फळीवर एक गोल पत्र्याचा डबा होता. तिने उजवा हात वर केला. खांद्यापर्यंत आला, तिथे थांबला, मग कपाळापर्यंत, आणि मग थोडा थरथरत फळीपर्यंत पोचला. तिने डबा काढून टेबलावर ठेवला आणि दोघांकडे न बघता झाकण उघडलं.

आत बिस्किटं होती, गेल्या ख्रिसमसची. पार मऊ पडली होती. आम्ही तिघांनी मिळून ती सगळी संपवली.